झेंडूची पाकळी म्हणजे पाकळी नव्हेच

प्रत्येकाच्या हातात एकेक झेंडू आलाय ना? मग फाडा तो. अहो खरंच फाडा, देवाला नाही वाहायचाय. बाहेरची एक पाकळी धरून हळूच ओढा, खाली काळी बारीक काडी येईल आणि काडीला पांढुरकी शेंडी असेल, ती काडी म्हणजे होणारं बी. आता वरचं टोक बघा, पाकळी जिथे सुरू होते तिथे सापाच्या जिभेसारखा दुभंगलेला पिवळा धागा दिसतोय का? ते स्त्रीकेसर. म्हणजे जिला आपण पाकळी म्हणतो ते अख्खं एक फूल आहे, आणि तुम्ही आत्ता जे फाडलंत ते फूल नसून फुलांची वस्ती आहे. शाळेत सूर्यफुलाबद्दल हे शिकवतात पण झेंडूचं कोणी सांगत नाही, का कुणास ठाऊक.

या वस्तीत दोन जाती. बाहेरची पाकळीवाली फुलं फक्त मादी, परागकण नसतातच. आणि मधोमध ज्या बारीक नळ्या असतात ती फुलं द्विलिंगी, पराग तिथेच. एकेरी झेंडूत नळ्या भरपूर, पाकळ्यांचा एकच घेर. आपल्याला आवडतो तो भरगच्च गोंडा, त्यात नळ्यांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते. म्हणजे फूल जेवढं भरलेलं तेवढा पराग कमी. नवीन वाण काढणाऱ्याचा सगळा खेळ आणि सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

आधी प्रकार पटकन सांगतो. मोठा गोंडा, उंच झाड, त्याला आफ्रिकन म्हणतात. बुटकं झाड, लहान फुलं, तांबूस-मरून कडा, आपल्याकडे मखमली म्हणतात तो फ्रेंच. दोन्ही नावं चुकीची आहेत, दोघंही मेक्सिकोकडचे. तिथे अजूनही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा घालतात, आपण तोरणं करतो. बाजारात 'कलकत्ता' म्हणून मिळतो तो शेतकरी बियाण्याऐवजी फांद्यांच्या काड्या लावून वाढवतात, त्यामुळे प्रत्येक झाड पहिल्याची हुबेहूब कॉपी.

आता दसऱ्याचं तोरण वाळलं की आपण ते कुंडीत चुरडतो, पावसाळ्यात रोपं येतात आणि मग तक्रार, "अहो फूल एवढं मोठं होतं, रोपांना चिल्लर फुलं का आली?" मी स्वतः नवीन असताना एका हायब्रिडचं बी धरून अर्धा गुंठा लावला होता, एकेरी, दुहेरी, पिवळं, नारिंगी, उंच, बुटकं, सगळं आलं, नुसती जत्रा. हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या आईबापांची पहिली पिढी, ती एकसारखी दिसते, पण तिच्या पोरांमध्ये आजी-आजोबांचे गुण परत विस्कटून बाहेर येतात.

मग ते हायब्रिड बी कंपन्या करतात कसं? एकेका फुलातल्या शंभरेक नळ्या चिमट्याने उपटत बसलं तर बी सोन्याच्या भावाने विकावं लागेल. म्हणून आई अशी निवडतात जिच्यात मुळात परागच होत नाही, नर-वंध्य म्हणतात तिला. आणि गंमत बघा, ही आई दिसायला अगदी कुरूप! तिच्या फुलाला पाकळ्याच नाहीत, नुसते पिवळट धागे, जुन्या दाढीच्या ब्रशसारखे. पण देखण्या बापाचा पराग लावला की पोरं सगळी भरगच्च.

हा दोष एका जनुकामुळे येतो आणि तो दबलेला गुण आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. त्यामुळे आईचा वंश फक्त आईच्या बियांवर चालत नाही, तिच्यावर दोष पोटात लपवलेल्या चांगल्या झाडाचा पराग लावावा लागतो आणि त्या बियांतून निम्मी झाडं वंध्य, निम्मी चांगली येतात. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर पहिलं फूल उमलेपर्यंत थांबायचं आणि मग आईच्या ओळीतली चांगली, देखणी, पाकळीवाली झाडं उपटून फेकायची, कारण त्यांच्यात पराग असतो. नवीन मजूर बायकांना हे पटतच नाही, त्या बरोब्बर उलटं करतात, कुरूप झाडं उपटतात आणि चांगली ठेवतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आफ्रिकन आणि फ्रेंचचा संकरही होतो. आफ्रिकनमध्ये 24 गुणसूत्रं, फ्रेंचमध्ये 48, दोघांकडून निम्मी-निम्मी आली की पोराला 36, म्हणजे बारा-बाराचे तीन संच, आणि तीन संचांची जोडी लागत नाही म्हणून ते झाड घोडा आणि गाढवाच्या खेचरासारखं वांझ. पण बी धरायचंच नसल्यामुळे ते थकत नाही, फुलतच राहतं. बागेसाठी एक नंबर. फक्त हा संकर करून मिळणारं बी महाग पडतं आणि उगवण कमी होते, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याला परवडत नाही.

रंगाचं सांगतो, कारण मला ती गोष्ट फार आवडते. पिवळा आणि नारिंगी यात रंगद्रव्य मुख्यतः एकच, ल्युटीन, फरक आहे तो प्रमाणाचा. कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात अंड्याचा बलक गडद दिसावा म्हणून, त्यासाठी गडद नारिंगी वाण निवडतात. उलट्या दिशेने गेलं तर? अमेरिकेत डेव्हिड बर्पी नावाच्या बियाणं व्यापाऱ्याने 1954 साली जाहीर केलं, पांढरा झेंडू आणून द्या, 10,000 डॉलर घ्या. ते बक्षीस 1975 मध्ये आयोवातल्या सली गावच्या अ‍ॅलिस व्हॉन्क या बाईंनी जिंकलं. लॅब नाही काही नाही, घरची बाग. दरवर्षी सगळ्यात फिक्या फुलाचं बी ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं, वीसेक वर्षं.

आपल्याकडची अडचण मात्र रंगाची नाही, तारखेची आहे. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने पुसा नारंगी आणि पुसा बसंती काढले, उत्तम वाण, पण फुलायला चार महिन्यांच्या वर घेतात. आपल्याला फूल हवं दसऱ्याला, आणि दसरा पंचांगाप्रमाणे सरकतो, 2023 मध्ये 24 ऑक्टोबर, 2025 मध्ये 2 ऑक्टोबर. तीन आठवड्यांचा फरक! त्यात आफ्रिकन झेंडू दिवस लहान झाले की लवकर फुलतो, दिवस मोठे असताना नुसता वाढतो. म्हणून इथे ब्रीडरला, म्हणजे नवीन वाण काढणाऱ्याला, लवकर येणारा आणि दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा वाण हवा असतो. चार दिवस उशीर झाला की तेच फूल मार्केटबाहेर रस्त्यावर ओतलेलं दिसतं.

घरी बी धरायचंच असेल तर हायब्रिडचं नको, साध्या वाणाच्या चांगल्या झाडाला लाल दोरा बांधा. एकदम घट्ट भरलेलं फूल निवडू नका, त्यात बी फार कमी भरतं. फूल पुरतं वाळू द्या, देठ तपकिरी झाला की काढा. आणि शेजारच्या काकूंच्या कुंडीतली एकेरी झेंडूची झाडं बघून ठेवा, मधमाशीला कुंपण नसतं, निम्मा पराग तिकडूनच येणार आहे.