पोस्ट-बॅकची फी आणि डॉक्टरकीचा हिशेब

[दृश्य: एका राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, संध्याकाळची वेळ]

संध्याकाळचे सहा वाजून गेले आहेत आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्रात्यक्षिक सुरू आहे. गॉगल लावलेला एक तिशीतला विद्यार्थी काचेच्या नरसाळ्यातील दोन द्रवांचे थर वेगळे होण्याची वाट पाहतो आहे. खालचा थर तेवढा काढून घ्यायचा आहे. तोटी बंद करायला क्षणभर उशीर झाला, तर वरचा थरही त्यात उतरेल आणि तासाभराची मेहनत वाया जाईल. त्याच्या शेजारी काम करणारी मुले एकोणीस-वीस वर्षांची आहेत. त्याच्याजवळ मात्र पदवी आहे, चांगल्या पगाराची नोकरी आहे, आणि आता त्याला डॉक्टर व्हायचे आहे.

अमेरिकेत असे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. आपल्याकडे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि त्यानंतर चार वर्षांचा एमडी किंवा डीओ हा अभ्यासक्रम सुरू होतो (तेथे या डॉक्टरकीच्या पहिल्याच पदव्या आहेत, आपल्या एमडीसारख्या पदव्युत्तर नव्हेत). पदवी इतिहासाची असो वा अर्थशास्त्राची, त्याला कोणाची हरकत नसते. मात्र जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जोडीला बायोकेमिस्ट्री, एवढे शिकलेले असावे लागते. ही सारी साधारण ३६ क्रेडिटची बेगमी; क्रेडिट म्हणजे विषयाच्या तासांवरून अभ्यास मोजण्याचे एकक. पदवीच्या काळात जे हे विषय शिकले नाहीत, किंवा शिकले पण गुणांनी दगा दिला, त्यांच्यासाठी पदवीनंतरचे प्री-मेडिकल कार्यक्रम आहेत. बोलण्यात सगळे त्यांना पोस्ट-बॅक म्हणतात. कोलंबिया विद्यापीठाचा असा कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे, तर फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजचा १९७२ पासून. बाल्टिमोरजवळचे गाउचर कॉलेज आणि कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स कॉलेज हीही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत.

या कार्यक्रमांची फी मोठी असते. खासगी संस्थेतील वर्षभराच्या पूर्णवेळ कार्यक्रमाला केवळ शिकवणीपोटी तीस ते पन्नास हजार डॉलर, क्वचित त्याहूनही अधिक मोजावे लागतात, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळाच. उलट कॅलिफोर्नियातील रहिवाशाला तेथील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, एका युनिटला (क्रेडिटचेच तेथील नाव) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ३६ युनिटचे १,६५६ डॉलर. रसायनशास्त्र दोन्हीकडे तेच आहे. मग वरचे चाळीसेक हजार डॉलर नेमके कशाचे, हे समजल्याशिवाय फी योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही.

[दृश्य: विषयांच्या क्रमाचा तक्ता, सत्रांची मांडणी]

सर्वात मोठा भाग वेळेचा आहे. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे, मग ऑरगॅनिकची दोन, मग बायोकेमिस्ट्री, असा हा क्रम आहे आणि तो ओलांडता येत नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकणाऱ्याला यात दोन-अडीच वर्षे सहज लागतात. ब्रिन मॉर किंवा गाउचरसारखे कार्यक्रम उन्हाळ्यातच सामान्य रसायनशास्त्र उरकतात आणि पुढच्या वर्षभरात बाकीचे विषय बसवतात. शिवाय त्यांच्याकडे प्री-मेड सल्लागार असतात आणि विद्यार्थ्याची एकत्रित शिफारस करणारे कमिटी लेटर मिळते. संध्याकाळच्या वर्गात, दोनशे विद्यार्थ्यांच्या मागच्या रांगेत बसणाऱ्याला शिफारसपत्र देणारा प्राध्यापक शोधण्यापासून तयारी करावी लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणारी, वर्षाला ८० हजार डॉलर मिळवणारी एक तरुणी आहे असे समजा. ४५ हजार डॉलर फी असलेल्या पूर्णवेळ कार्यक्रमासाठी तिने नोकरी सोडली, तर तिचा खरा खर्च सव्वा लाख डॉलर होतो, कारण बुडालेला पगारही फीचाच भाग आहे. हेच विषय ती राज्य विद्यापीठात संध्याकाळी शिकली आणि एका क्रेडिटला ५०० डॉलर पडले, तर १८ हजार डॉलरांत काम होते. यावर कार्यक्रमांच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते: वर्षभर लवकर डॉक्टर झालात, तर कारकिर्दीच्या शेवटी डॉक्टरच्या पगाराचे एक वर्ष पदरात पडते आणि त्यात ही फी सहज भरून निघते. हा युक्तिवाद चुकीचा नाही. फक्त वाचवलेल्या त्या वर्षात प्रवेश खरोखर मिळाला तरच तो लागू पडतो, आणि तेथेच बहुतेकांचे गणित फसते.

त्याचे कारण अर्जाच्या वेळापत्रकात आहे. वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज मे महिन्याच्या सुमारास उघडतात आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीचा असतो. मे महिन्यात अभ्यासक्रम संपवणाऱ्याला म्हणूनच एक वर्ष थांबावे लागते. याला ग्लाइड इयर म्हणतात. हे वर्ष टाळण्यासाठी काही कार्यक्रमांनी ठरावीक वैद्यकीय महाविद्यालयांशी लिंकेजचे करार केलेले असतात. कार्यक्रमात असतानाच अर्ज करायचा, गुणांची आणि बहुतेक ठिकाणी एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची ठरलेली पातळी गाठायची, आणि थेट पुढच्या सत्रात दाखल व्हायचे. त्या बदल्यात विद्यार्थ्याला बहुधा एकाच महाविद्यालयाला शब्द द्यावा लागतो. माझ्या मते महागड्या कार्यक्रमाची फी समर्थनीय ठरवणारी सर्वात ठोस गोष्ट लिंकेज हीच आहे. म्हणूनच माहितीपत्रकातील लिंकेजच्या यादीची लांबी पाहून हुरळून न जाता, गेल्या काही वर्षांत त्या वाटेने प्रत्यक्ष किती विद्यार्थी गेले, हे विचारले पाहिजे.

[दृश्य: माहितीपत्रकाचे पान; “९० टक्क्यांहून अधिक यश” अशी काल्पनिक ओळ]

माहितीपत्रकातील यशाच्या टक्केवारीकडेही असेच निरखून पाहावे लागते. नव्वद टक्के म्हणजे कोणाचे नव्वद टक्के? पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्यांचे, की कार्यक्रम पूर्ण करून, कमिटी लेटर मिळवून, अर्ज भरलेल्यांचे? समजा ४० जणांनी फी भरली, ऑरगॅनिकच्या पहिल्या परीक्षेनंतर आठ जण गळाले, चौघांना अर्ज न करण्याचा सल्ला मिळाला, आणि उरलेल्या २८ पैकी २५ जणांना प्रवेश मिळाला. छापील आकडा ८९ टक्के होईल. फी भरलेल्यांच्या दृष्टीने मात्र तो ६३ टक्के आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. याखेरीज ब्रिन मॉरसारख्या कार्यक्रमात मुळात उत्तम गुणांचे विद्यार्थीच घेतले जातात, त्यामुळे त्यांच्या यशातील किती वाटा संस्थेचा आणि किती विद्यार्थ्यांचा, हेही वेगळे काढता येत नाही.

आतापर्यंतचा विचार विज्ञान न शिकलेल्या, पण चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्याचा झाला. ज्यांनी हे विषय शिकूनही गुण गमावले, त्यांचे गणित अधिक निष्ठुर आहे आणि ते कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. एमडीचे बहुतेक अर्ज ॲमकॅस या केंद्रीय यंत्रणेमार्फत जातात. तीत पोस्ट-बॅकचे गुण पदवीच्या गुणांतच मिसळले जातात, आणि एखादा विषय पुन्हा घेतला तरी जुना व नवा असे दोन्ही गुण मोजले जातात. समजा पदवीच्या १२० क्रेडिटची सरासरी ४ पैकी ३.१ आहे. त्यावर ३६ क्रेडिट घेतले आणि प्रत्येक विषयात ४.० मिळवले, एकही चूक केली नाही, तरी एकूण सरासरी पोहोचते ती ३.३१ वर. एमडीला प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी अलीकडे ३.७५ च्या वर आहे, आणि एमकॅटची ५२८ पैकी सुमारे ५११ ते ५१२. दरवर्षी साधारण ५२ हजार लोक अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो.

याचा अर्थ दार बंद आहे असा नाही. केवळ विज्ञान-गणिताची सरासरी वेगळी काढली जाते आणि ती जास्त हलते: मुळातले ४० क्रेडिट २.९ चे असतील, तर त्याच ३६ क्रेडिटनंतर ती ३.४ पार करते. गुणांचा चढता आलेखही प्रवेश समितीला दिसतो. पण हे गुण महागड्या संस्थेत मिळवल्याने अधिक वजनदार होतात असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. गुण सुधारण्यासाठी येणाऱ्याने शक्यतो आपल्या राज्यातील चार वर्षांच्या विद्यापीठात, स्वतः विषय निवडून शिकावे. कम्युनिटी कॉलेज सर्वात स्वस्त असले तरी काही वैद्यकीय महाविद्यालये तेथील विज्ञानाच्या विषयांबाबत नाखूष असतात, म्हणून यादीतील प्रत्येक महाविद्यालयाची अट आधी वाचावी. टेक्सासच्या रहिवाशाला आणखी एक वाट आहे. तेथील कायद्यानुसार दहा वर्षांहून जुने सर्व क्रेडिट बाजूला ठेवून राज्यातील विद्यापीठांत नव्याने सुरुवात करता येते. मात्र त्यात जुने चांगले गुणही जातात.

स्पेशल मास्टर्स, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची तयारी म्हणून केलेली पदव्युत्तर पदवी, हा या मालिकेतील सर्वात धोक्याचा पर्याय आहे. काही ठिकाणी त्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचेच विषय शिकवले जातात आणि फीही त्याच घरात जाते. हे पदव्युत्तर गुण असल्यामुळे पदवीची सरासरी त्याने तसूभरही हलत नाही, आणि तेथे ‘ए’ऐवजी ‘बी’ श्रेणी मिळाली तर ‘या विद्यार्थ्याला वैद्यकीय अभ्यास झेपत नाही’ याचा पुरावा आपणच पैसे देऊन तयार केला असे होते.

[दृश्य: भारतातील विद्यापीठाची गुणपत्रिका]

भारतातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. भारतातून एमबीबीएस केलेल्या डॉक्टरला पोस्ट-बॅकची गरज नसते; त्याची वाट यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेतील डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षांमधून जाते. पण पुण्या-मुंबईत इंजिनिअरिंग किंवा फार्मसी केलेल्या व्यक्तीला एमडीला जायचे असेल, तर ॲमकॅस भारतीय गुण सरासरीत धरत नाही आणि बहुतेक महाविद्यालये अमेरिकेत शिकलेले क्रेडिट मागतात. अशा व्यक्तीला काही ना काही पोस्ट-बॅक शिक्षण घ्यावेच लागते. त्याआधी व्हिसाचा प्रश्न तपासणे अत्यावश्यक आहे. कित्येक वैद्यकीय महाविद्यालये केवळ नागरिकांचे आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज विचारात घेतात. जी परदेशी विद्यार्थी घेतात, त्यांपैकी काही ठिकाणी काही वर्षांची फी आगाऊ जमा करावी लागते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या जोडीदाराने ३६ क्रेडिट पूर्ण केल्यानंतर हे कळणे फार महागात पडते.

राहता राहिला कर्जाचा प्रश्न. पदवीधराला पुढील प्रवेशासाठी लागणाऱ्या पूर्वतयारीच्या विषयांकरिता संघीय कर्ज सर्वसाधारणपणे सलग १२ महिन्यांपुरतेच मिळते, स्वतंत्र विद्यार्थ्याला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर, आणि तेही निदान अर्धवेळ नाव नोंदवलेले असेल तरच. महागड्या कार्यक्रमाची उरलेली फी त्यामुळे बचतीतून किंवा खासगी कर्जातून येते, आणि खासगी कर्जाला संघीय कर्जाच्या सवलती नसतात. पुढचा डोंगर तर आणखी मोठा आहे: कर्ज काढून शिकणाऱ्या डॉक्टरांवर पदवीच्या वेळी साधारण २ लाख डॉलरांचे कर्ज असते. त्यातच २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे संघीय कर्ज बंद केले आणि वैद्यकीय शिक्षणासाठी संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलर ठरवली. अनेक खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा खर्च याहून बराच अधिक आहे. म्हणजे पोस्ट-बॅकमध्ये संपवलेली बचत नेमकी तेथे कमी पडणार आहे.

पूर्णवेळ कार्यक्रमासाठी राजीनामा लिहिण्याआधी संध्याकाळच्या वर्गात सामान्य रसायनशास्त्राचे पहिले सत्र करून पाहता येते, आणि त्याच महिन्यांत शनिवारी एखाद्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाता येते. यात खर्च होतो एका विषयाची फी आणि चार महिने. मात्र काही कार्यक्रम विज्ञानाचे विषय आधी शिकलेल्यांना प्रवेश देताना हात आखडता घेतात, त्यामुळे असा वर्ग लावण्याआधी त्या कार्यक्रमाच्या प्रवेश कार्यालयाला किती क्रेडिटपर्यंत चालतील हे लेखी विचारून ठेवावे.