बाजारातलं बाळ आणि वडीलधारी माणसं

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला पश्चिम आफ्रिकेत घेऊन जाणार आहे, नायजेरियाच्या नैऋत्य भागात, जिथं लागोस, इबादान, अबेओकुता, इले-इफे ही योरुबा लोकांची मोठमोठी शहरं आहेत. शेजारच्या बेनिन आणि टोगोमध्येही योरुबा राहतात, आणि गुलामांच्या जहाजांतून कोंबून नेलेल्या माणसांबरोबर त्यांची दैवतं आणि गाणी ब्राझील-क्यूबापर्यंत गेली, ती आजही तिथं जिवंत आहेत.

सुरुवातीलाच त्यांची एक म्हण सांगते, कारण मला आज जे बोलायचंय ते सगळं तिच्यात आहे. बाजारात म्हातारं माणूस हजर असताना तान्ह्या बाळाची मान लटकत राहता कामा नये. आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. तिकडं बायका बाळाला पाठीवर घेतात, कापडानं घट्ट बांधतात आणि कामाला लागतात. बाजारात आई पुढं वाकून मिरच्या निवडतेय, भाव करतेय, पाठीवर बाळ झोपलंय आणि त्याची मान एका बाजूला कलंडलीय, आणि आईला ते दिसत नाही, दिसणार कसं, बाळ पाठीवर आहे. मग ती मान कुणी सरळ करायची? जो वडीलधारा तिथून चाललाय त्यानं. मग त्याची त्या आईशी ओळख असो नसो. त्यानं पाहिलं आणि तसाच पुढं गेला तर लाज त्याची, आईची नाही.

योरुबा संस्कार म्हटलं की लोक पहिल्यांदा सांगतात ते वाकण्याबद्दल. खरंच आहे, ते डोळ्यात भरतंच. मोठ्यांसमोर पुरुषांनी जमिनीवर पालथं पडून नमस्कार करायचा, त्याला दोबाले म्हणतात, आणि बायकांनी गुडघे टेकायचे. शहरात आता बरेच जण नुसतं कमरेत वाकून हात जमिनीकडं नेतात, पण लग्नात मात्र अजूनही नवरामुलगा आणि त्याचे मित्र, त्यात बँकेतले आणि आयटीवालेही आले, सगळे मुलीच्या घरच्यांसमोर आडवे पडतात. आणि बोलण्यातले नमस्कार तर किती! काम करणाऱ्याला वेगळा, नुसतं बसलेल्याला वेगळा, प्रवासाहून आलेल्याला वेगळा, पाऊस पडत असला तर त्याचा वेगळा, आणि बहुतेक सगळे 'ए कू' नं सुरू होतात. 19व्या शतकात इंग्रजांच्या आरमारानं गुलामांच्या जहाजांतून सोडवलेले योरुबा लोक सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनला वसले, तर हे सारखे 'ए कू, ए कू' करतात म्हणून तिथं त्यांचं नावच अकू पडलं. मला हे फार आवडतं, की समोरचा माणूस या क्षणी काय करतोय, कशातून जातोय, हे आधी बघायचं आणि मग त्याला साजेसा नमस्कार करायचा, म्हणजे नमस्कार करण्यासाठी माणसाकडं नीट बघावंच लागतं.

पण वाकणं हा या सगळ्याचा निम्माच भाग आहे, आणि माझी तक्रार अशी आहे की आजच्या काळात हाच निम्मा भाग जपला जातो आणि दुसरा, वडीलधाऱ्यांना बांधणारा भाग, सोयीनं विसरला जातो.

चांगल्या वळणाच्या माणसाला योरुबा ओमोलुआबी म्हणतात. त्यात नम्रपणा येतो, खरं बोलणं येतं, कष्ट येतात, दिलेला शब्द पाळणं येतं, दुसऱ्याचं बघणं येतं, आणि या सगळ्याचा पाया म्हणजे इवा, माणसाचा स्वभाव, वागणूक. इवा हेच सौंदर्य असं ते म्हणतात. पैसा आहे, रूप आहे, पदवी आहे, पण इवा नाही, तर तो माणूस त्यांच्या हिशेबी रिकामा.

या इवाची एक गोष्ट आहे, इफाच्या पद्यांमधली. इफा म्हणजे त्यांची कौल घेण्याची विद्या. तिचे 256 भाग आहेत आणि प्रत्येकात असंख्य कथा-कविता, सगळ्या तोंडी पाठ केलेल्या. युनेस्कोनं 2005 मध्ये मानवजातीचा ठेवा म्हणून तिचा गौरव केला, आणि वांदे अबिंबोला यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे साहित्य लिहून काढलं म्हणून आपल्याला वाचता येतं. तर गोष्ट अशी, की इवा ही एक बाई, सूउरूची मुलगी, सूउरू म्हणजे सबुरी, आणि ही सबुरी साक्षात परमेश्वराची, ओलोडुमारेची, थोरली. इवाचं लग्न झालं ओरुन्मिलाशी, इफाच्या देवाशी, म्हणजे ज्याच्याकडं सगळं जग सल्ल्याला येतं त्याच्याशी. ती दिसायला देखणी, पण तिच्या काही सवयी त्याला खटकायला लागल्या. तो सारखा टोचून बोलायला लागला, आणि शेवटी ती घर सोडून गेली. झालं, ती गेली आणि त्याच्या घराची रयाच गेली. कौल घ्यायला कुणी येईना, पैसा संपला, अंगावर धड कपडा राहिला नाही, गावात मान राहिला नाही. मग हा सगळ्यात शहाणा देव सोळा मोठ्या पुरोहितांच्या दारोदार गाणं म्हणत फिरला, माझी इवा दिसली का, माझी इवा इथं आहे का. गोष्टीचा शेवट सगळीकडं एकसारखा सांगत नाहीत. पण बघा, या गोष्टीत शिक्षा कुणाला झाली? लहानाला नाही. ज्याला सगळं कळतं, ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यालाच. वडीलकी ही काय एकदा मिळाली की कायमची आपली झाली अशी वस्तू नाही, हे त्या पद्यांमध्ये आधीपासूनच आहे.

आता रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण. योरुबा मुलखात पूर्वी रस्त्याच्या कडेला शेतमाल मांडून मालक आपल्या कामाला निघून जायचा, ढिगाशेजारी खडे ठेवलेले असायचे, जितके खडे तितका भाव, येणाऱ्यानं माल घ्यायचा आणि पैसे तिथंच ठेवायचे. आणि शेतात तोडून ठेवलेल्या जळणाच्या मोळीवर किंवा फळांच्या झाडाला एखादी वस्तू टांगलेली असायची, त्याला आआले म्हणतात. काय असायचं त्यात? झिजलेलं पायताण, दाणे काढून उरलेलं मक्याचं कणीस, तुटका कंगवा, गोगलगाईचं रिकामं कवच, असलं काहीतरी, घरातल्या कचऱ्यातलंच. बघणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळायचा, की हे चोरलंस तर तुझंही आयुष्य या वस्तूसारखं टाकाऊ होईल. कुलूप नाही, राखणदार नाही. आता कुणी म्हणेल ही अंधश्रद्धा आहे, आणि भीतीचा भाग त्यात आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही, पण मला त्यात दुसरंही काहीतरी दिसतं, की चोरी केल्यावर माल जातो मालकाचा पण माणूसपण जातं चोराचं, हे सांगायला त्यांना तुटका कंगवा पुरत होता.

आणि विश्वासावर चालणारी गोष्ट अजूनही जोरात आहे ती म्हणजे एसुसु. आपल्याकडची भिशीच म्हणा ना. दहा-वीस जणांनी ठरावीक रक्कम काढायची आणि दर वेळी एकानं सगळी उचलायची, ज्याचा नंबर आधी लागला त्यानं नंतरही इमानदारीनं भरत राहायचं, सगळा खेळ त्यावर. सॅम्युएल अजायी क्राउदर हे स्वतः लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले होते, पुढं बिशप झाले, त्यांच्या 1843 च्या योरुबा शब्दसंग्रहात एसुसु आहे, म्हणजे पद्धत त्याच्याही आधीची. कॅरिबियन बेटांवर, त्रिनिदादमध्ये, तिला आजही सुसु म्हणतात. साखळदंडात नेलेल्या माणसांनी बरोबर काय नेलं तर एकमेकांवर विश्वास ठेवायची रीत! हल्ली लागोसमध्ये अशा बचतीची मोबाइल अ‍ॅपही आली आहेत. आणि त्याच देशात दुसरीकडं काही तरुण मुलं लॅपटॉपवरून परदेशातल्या एकट्या-दुकट्या माणसांना प्रेमाच्या नावाखाली लुबाडतात, त्यांना याहू बॉईज म्हणतात. नवी गाडी दारात आली की 'पैसा कुठून आला' हे विचारणं हे वडीलधाऱ्यांचं काम होतं, आणि जिथं वडीलधारेच गप्प बसून त्या गाडीतून फिरायला लागले तिथं मुलांना दोष कुठल्या तोंडानं द्यायचा?

राजालाही सूट नव्हती बरं का. योरुबांच्या जुन्या ओयो साम्राज्यात अलाफिन, म्हणजे राजा, मर्यादा सोडून वागायला लागला तर सात जणांच्या ओयो मेसी मंडळाचा प्रमुख, बशोरुन, त्याला रिकामं भोपळ्याचं भांडं किंवा पोपटाची अंडी पाठवायचा. अर्थ एवढाच, की लोकांनी तुला नाकारलंय, आता तू जगायचं नाहीस. भयंकर आहे, मला ते गोडही करायचं नाही. शिवाय 18व्या शतकात गा नावाच्या बशोरुननं याच अधिकाराचा वाट्टेल तसा वापर केला, एकामागून एक राजे संपवले, शेवटी अलाफिन अबिओदुननं त्याचा काटा काढला. तरी सत्तेला कुणीतरी जाब विचारायचाच, ही कल्पना त्या समाजाला बाहेरून कुणी शिकवलेली नाही.

याचा सगळ्यात देखणा पुरावा मला वाटतो अबेओकुताचा. 1940 च्या दशकात तिथं इंग्रज सरकारच्या आधारानं राज्य करणारा आलाके, म्हणजे तिथला राजा, बायकांकडून वेगळा कर वसूल करत होता, आणि बाजारात भाजी, कापड, तांदूळ विकणाऱ्या बायका त्याखाली पिचून गेल्या होत्या. फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिकेनं शिकलेल्या बायका आणि बाजारातल्या बायका एकत्र आणल्या, 1947 मध्ये हजारो बायका राजवाड्यासमोर ठिय्या देऊन बसल्या, राजाची टर उडवणारी गाणी गायल्या, रात्र रात्र. ज्या राजासमोर गुडघे टेकायचे त्याच्यासमोर! आणि जानेवारी 1949 मध्ये आलाकेला गादी सोडावी लागली. पुढं तो परत आला हे खरं आहे, पण बाजारातल्या बायकांनी राजाला घालवलं ते घालवलंच. त्या बायकांना कुणी असंस्कारी म्हणेल का? मी तर म्हणेन त्यांच्याइतकी ओमोलुआबी माणसं शोधून सापडायची नाहीत, कारण लटकलेली मान त्यांनी पाहिली आणि त्या पुढं निघून गेल्या नाहीत.

म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये जेव्हा नायजेरियातली तरुण पोरं पोलिसांच्या सार्स नावाच्या पथकाविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांची एक घोषणा ऐकून मी थबकले होते. 'सोरो सोके', योरुबातच, म्हणजे मोठ्यानं बोल. त्याला पुढं 'वेरे' जोडायचे, वेड्या. आता ज्या भाषेत वयानं मोठ्या माणसाला एकवचनात हाक मारत नाहीत, त्या भाषेत सत्तेवरच्या म्हाताऱ्यांना पोरं म्हणतायत मोठ्यानं बोल, वेड्या! कित्येकांना वाटलं संस्कार बुडाले. शब्द उर्मट होता, मान्य आहे, आणि मी माझ्या घरात तो कुणाला उद्देशून वापरू देणार नाही. पण पोरं मागत काय होती? पोलिसांनी मारू नये, लाच उकळू नये, आणि वरच्यांनी उत्तर द्यावं. 20 ऑक्टोबरला लागोसमधल्या लेकी नावाच्या भागातल्या टोलनाक्यावर सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग सांगा, त्या दिवशी संस्कार कुणी मोडला, ओरडणाऱ्यांनी की गोळ्या झाडायला सांगणाऱ्यांनी?

जुनं ते सगळं सोनं होतं असंही मी म्हणत नाही. तिथं गुलाम होते, 19व्या शतकातल्या आपसातल्या लढायांत माणसं पकडून विकली गेली, इवोफा नावाची पद्धत होती, बापाच्या कर्जापायी पोरगं सावकाराच्या शेतात राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. हे सगळं बाजूला काढूनच बोलायला हवं. आणि संस्कारांचा नुसता बोर्ड लावूनही काही होत नाही. नायजेरियातल्या ओसून या योरुबा राज्यानं 2010 नंतर स्वतःला ओमोलुआबींचं राज्य म्हणवून घेतलं, गाड्यांच्या नंबरप्लेटवर सद्गुणांची भूमी असं लिहिलं, आणि 2015 च्या सुमारास तिथल्याच सरकारी नोकरांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले, पुढं बराच काळ अनेकांना अर्धाच पगार मिळत होता. शिक्षकाच्या घरी चूल पेटत नसेल तर त्यानं वर्गात मुलांना इवाबद्दल काय सांगायचं?

उलट 1955 मध्ये ओबाफेमी अवोलोवो या योरुबा नेत्याच्या सरकारनं नायजेरियाच्या पश्चिम प्रांतात प्राथमिक शिक्षण फुकट केलं, खेड्यापाड्यातली पोरं शाळेत बसली. तिथल्या वडीलधाऱ्यांनी बाळाची मान खरोखर सरळ केली ती तेव्हा, आणि ती करताना कुणी नंबरप्लेट छापली नव्हती.

शाळेचा विषय निघालाच आहे तर एक सांगते आणि थांबते. या सगळ्या म्हणी, कथा, नमस्कार मुलांपर्यंत पोचणार कुठून? लागोसमध्ये शिकलेल्या घरांत मुलांशी इंग्रजीच बोलतात, कित्येक शाळांत घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची. 1970 मध्ये इले-इफेला शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्राथमिक शाळेत सहाही वर्षं गणित, विज्ञान सगळं योरुबातून शिकवून पाहिलं, इंग्रजी एक विषय म्हणून ठेवलं, आणि ती मुलं बाकीच्यांच्या तोडीची निघाली, बऱ्याच बाबतीत पुढं, अगदी इंग्रजीतसुद्धा. एवढा पुरावा हाताशी असूनही 2022 मध्ये नायजेरियानं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं धोरण आणलं आणि 2025 मध्ये ते रद्दही करून टाकलं. मला हा निर्णय पटलेला नाही. दूर बसलेली मी कोण म्हणा, पण ज्या पोराला ती बाजारातली म्हण तिच्या भाषेत ऐकायलाच मिळणार नाही, ते पुढं मोठं झाल्यावर कुणाच्या बाळाकडं बघून थांबेल, हा प्रश्न तिथल्या आईबापांनी सरकारला विचारायला हवा, आणि मोठ्यानं विचारायला हवा. नमस्कार.