कौलांवरची नावं
(माहितीपटाचं निवेदन)

(पहाट. धुकं. शाळेचं फाटक.)

शहादा तालुका, जिल्हा नंदुरबार. मागे दिसतोय तो सातपुडा. कापसाची वेचणी सुरू आहे, म्हणून एवढ्या सकाळी रस्त्यावर डोक्याला फडकं बांधलेल्या बायकांची रांग दिसते आहे. यातल्या काहींच्या कडेवर पोर आहे, काहींच्या हाताला धरून चालणारं पोर आहे. ही हाताला धरलेली पोरं फाटकापाशी सुटतात आणि बाया पुढे शेताकडे जातात.

शाळा जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. मुलांची नावं आणि गावाचं नाव आम्ही मुद्दाम सांगत नाही. मुलं लहान आहेत आणि जे दाखवणार आहोत ते त्यांच्या घरचं आहे.

शाळा भरायला अजून वीस मिनिटं आहेत. बाईंची स्कूटी आली. बाई खुर्चीकडे जात नाहीत. पर्स खिडकीच्या गजाला अडकवून त्या वर्गाच्या दारात उभ्या राहतात. गेली काही वर्षं त्या रोज सकाळी याच जागी उभ्या राहतात, उंबऱ्याच्या उजव्या बाजूला. तिथली फरशी पाहिली तर कळतं.

(दार. एकेक मूल आत येतं.)

आता जरा हळू बघूया.

पहिली मुलगी आली. बाई वाकल्या, तिच्या डोळ्यांच्या रेषेत आल्या. "काय व माय, काल काबर उनी नही?" मुलगी हसली, काहीतरी पुटपुटली. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. तो हात नुसता कौतुकाचा नाही. केस आज विंचरलेले आहेत का, अंग तापलेलं आहे का, हे त्या हाताला कळतं. त्यामागून आला तो मुलगा. त्याच्याशी बाई भिलोरीत बोलतात. भिलोरी त्यांची स्वतःची नाही. त्या धुळ्याकडच्या, घरची बोली अहिराणी. भिलोरी त्यांनी इथेच शिकून घेतली, मुलांच्या आयांकडून, बांधावर बसून. चुकतात, मुलं दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करताना मुलांचे चेहरे काय होतात ते पडद्यावर आहेच.

तिसरा मुलगा बोलत नाही. बाई विचारतात, "जेवना का?" तो मान हलवतो, पण ती मान होकाराची आहे की नकाराची, कळत नाही. बाई त्याला आत सोडतात आणि स्वयंपाकाच्या मावशींकडे बोटानं एक खूण करतात. मावशींनी ती खूण पाहिली. थोड्या वेळात त्या मुलाच्या हातात कालच्या भाकरीचा तुकडा आणि मिरचीचा ठेचा असेल. कुणी विचारणार नाही, कुणी वर्गात सांगणार नाही.

दारात एका मुलाला साधारण पाव मिनिट मिळतं. हे पाव मिनिट कुठल्याच तक्त्यात भरायचं नसतं. पण कोण झोपलेलं नाही, कुणाच्या घरी रात्री भांडण झालं, कुणाचे वडील परत आले, कुणाची आजी गेली, हे सगळं बाईंना हजेरी घेण्याआधी माहीत असतं. पाढे त्यानंतर.

(भिंत. शब्दांच्या पट्ट्या.)

वर्गाची ही भिंत. आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एकाच गोष्टीचे तीन-चार शब्द. प्रमाण मराठीतला, अहिराणीतला, भिलोरीतला, कुठे पावरीतला. आई, माय, याहा. खाली बाजरीच्या कणसाचं चित्र, बैलाचं चित्र, चुलीचं चित्र. चित्रं मुलांनी काढली आहेत. शब्दही मुलांनीच घरून आणले आहेत. बाईंनी फक्त लिहिले, आणि जिथे देवनागरीत तो उच्चार नीट बसेना तिथे तीन-तीनदा पुसून लिहिले.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे पहिलीत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात पाठ्यपुस्तकातली मराठी कुणी बोलत नाही. सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्याकडे हजारो शब्द असतात. गाणी असतात, शिव्या असतात, पाखरांची नावं असतात. आणि पहिल्याच दिवशी त्याला कळतं की यातलं इथे काही चालत नाही. ते गप्प होतं. मग त्या गप्प बसण्याला आपण नाव देतो, कच्चं मूल.

हे मला वाचून कळलेलं नाही. मी पहिलीत असताना, याच खानदेशात, "पानी नही शे" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. पुढे बरेच महिने मी शाळेत पाणी मागितलं नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. लिहिता-वाचता न येणारी ही बाई, आसोद्याची माहेरवाशीण, आपल्या घरच्या बोलीत बोलली आणि त्याच बोलीत तिनं रचलं. उच्च शिक्षणाच्या दारावर घरच्या बोलीचा एवढा मान, आणि पहिलीच्या दारात घरची बोली बोलणाऱ्या पोराला हसू, हे आता थांबायला हवं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवण्याची भाषा घरची असावी. या शाळेनं धोरणाची वाट पाहिली नाही.

(शाळेची मागची बाजू. पडवी. कट्ट्यावर ओळीनं कौलं.)

आणि ही ती कौलं.

शाळेची जुनी खोली कौलारू होती. गावच्या कुंभारानं चाकावर घडवलेली अर्धगोल कौलं, हातभर लांब. छपरावर पत्रे आले तेव्हा कौलं उतरवली आणि शाळेमागे ढीग लागला. ट्रॅक्टर लावून ती टाकून द्यायची असं ठरलं होतं. बाईंनी थांबवलं. कशासाठी ते तेव्हा त्यांनाही नीट माहीत नव्हतं, म्हणतात.

एका सुट्टीच्या दिवशी आया जमल्या. ढीग काठीनं उपसून काढला, कारण खाली विंचू. अखंड कौलं वेगळी केली. हौदावर बसून काथ्यानं घासली, वर्षानुवर्षांचं शेवाळ निघालं आणि खालून तांबडा रंग उजळला. दोन दिवस उन्हात वाळवली. मग मुलांना बोलावलं आणि सांगितलं, आपापलं निवडा.

बघा, निवडायला किती वेळ लावतात. हे वाजवून पाहतंय. कौल पक्कं भाजलेलं असेल तर खणखणीत वाजतं, कच्चं असेल तर बद्द. हे याला त्याच्या आजोबांनी शिकवलंय.

परातीत पांढरा रंग कालवला. पंजा बुडवायचा, परातीच्या काठावर निथळू द्यायचा, आणि कौलाच्या फुगीर पाठीवर एकदाच दाबायचा. हलवायचा नाही. हलवला की बोटं फरपटतात. दोघातिघांची फरपटली, ती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी रंग सुकल्यावर पंजाखाली काळ्या रंगानं नाव.

नावाचा मात्र पेच पडला. हजेरीपटावरचं नाव एक आणि घरचं नाव दुसरं. कित्येक मुलांना पटावरच्या नावानं घरी कुणी हाकच मारत नाही. पाड्यावर ठेवलेलं नाव दाखल्यावर येताना बदलतं, कुणीतरी ते "सुधारून" लिहिलेलं असतं. बाईंनी आयांना विचारलं, तुम्ही काय म्हणून हाक मारता? तेच नाव कौलावर गेलं. पट तसाच राहिला, तो सरकारी आहे.

कट्ट्यावर आता ही ओळ उभी आहे, भिंतीला टेकवून. प्रत्येक मुलाचं एक कौल. पावसाचं पाणी पोचू नये म्हणून पडवीत. आणि नियम एकच. ज्याचं कौल त्यानंच हलवायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही.

(दिवाळीनंतर. ट्रक. भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्या.)

हे दृश्य दिवाळीनंतरचं. ऊसतोडीला निघालेली माणसं. इथून बरीच कुटुंबं दक्षिण गुजरातेत जातात, बारडोलीच्या पट्ट्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं सोबत, कारण मागे ठेवायला कुणी नाही. परत येणं होळीच्या आसपास, कधी त्याच्याही नंतर.

जाण्याच्या आदल्या दिवशी ही मुलं शाळेत आली. बाईंनी शिक्षण हमी कार्ड भरलं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसायला अडचण येऊ नये. एकेक वही दिली, पेन्सिल दिली. मग मुलं पडवीत गेली. स्वतःचं कौल दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं करून पुन्हा भिंतीला लावलं. पंजा भिंतीकडे, पोकळ बाजू आपल्याकडे.

कौल काढून टाकायचं नाही. जागा दुसऱ्याला द्यायची नाही. चार महिने ते तसंच उभं राहतं आणि राहिलेली मुलं रोज पाणी प्यायला जाताना त्या ओळीवरून जातात.

(दुपार. खिचडी. अंगत-पंगत.)

पोषण आहार. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ. आज वटाण्याची खिचडी आहे. मोठी मुलं वाढतात, शेवटच्या ताटात पडल्याशिवाय पहिल्यानं घास घ्यायचा नाही.

बसण्याची रांग बघा. चौथीतला आणि पहिलीतला, चौथीतली आणि पहिलीतली, अशा जोड्या आहेत. यांना इथे जोडीदार म्हणतात. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याला पुस्तक मिळो न मिळो, जोडीदार मिळतो. चपला कुठे काढायच्या, नळ कुठला, संडासाची कडी आतून कशी लागते, हे जोडीदार दाखवतो. लहान मुलांना शाळेची भीती वाटते ती बहुतेक वेळा याच गोष्टींची असते, आणि मोठ्यांना ती विचारायची लाज वाटते. जोडी ठरवताना बाई पाडा बघतात आणि मुद्दाम वेगळ्या पाड्याची, वेगळ्या घराची दोन मुलं एकत्र बांधतात. सुरुवातीला काही घरांतून कुरबुर झाली. आता नाही.

अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालय सांभाळायचे, मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. कोकणातून आलेला माणूस, घरापासून तुटून राहिलेल्या मुलांसाठी हे करत होता. खानदेशातल्या शिक्षकांना याहून जवळचा दाखला नको.

(शनिवार. तेलाचा डबा.)

शनिवारी दप्तर नाही. मुली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हणतात, कुणी होळीचा ढोल वाजवून दाखवतं. आणि हा डबा फिरतो. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा, वर चीर पाडलेली, कडा ठोकून बोथट केलेल्या. मनात असेल ते लिहून टाकायचं. लिहिता येत नसेल तर चित्र. डबा फक्त बाई उघडतात, घरी नेऊन.

बाईंनी आम्हाला एकच कागद दाखवला, मुलाला विचारून. त्यावर एक म्हैस आहे, एक काठी आहे आणि एक खूप लहान मुलगा आहे. आम्ही अर्थ विचारला नाही. बाई त्या घरी जाऊन आल्या आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. छडी गेली, हे चांगलं झालं. पण "तुमच्यात असंच बोलतात" हे वाक्यही त्याच कलमात मोडतं, असं आम्ही मानतो.

(संध्याकाळ. पारावर बैठक.)

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया, असा कायदा आहे. बैठक दुपारी ठेवली की बाया येत नाहीत, मजुरी बुडते. म्हणून ती आता संध्याकाळी पारावर होते, आणि बाया बोलतात. हजेरी सुधारली आहे, पहिलीतलं रडणं लवकर थांबतं, दोन मुली पाचवीला पुढच्या गावी जायला लागल्या.

(होळीनंतरची सकाळ. पडवी.)

हे शेवटचं चित्रीकरण. रात्री ट्रक आला होता. सकाळी हा मुलगा शाळा उघडायच्या आधीच येऊन उभा आहे. केस उन्हानं तांबूस झालेत, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे आहेत. बाईंनी दारात त्याला जवळ घेतलं, काही विचारलं, ते आवाजात नीट आलेलं नाही.

तो सरळ पडवीत गेला. कौल उचललं. मागे कोळ्यानं जाळं केलं होतं, ते बाहीनं पुसलं. फिरवून ठेवलं. पंजा समोर आला.

शेजारचं कौल त्याच्या बहिणीचं. ती अजून आलेली नाही, मामाकडे राहिली आहे, आठवड्यानं येईल म्हणतो. त्या कौलालाही जाळं आहे. त्यानं हात पुढे केला, थांबला, आणि मागे घेतला.

घंटा झाली. तो वर्गात गेला.