मामा, होडकं आणि साखरेचा पुडा

नमस्कार श्रोतेहो. आज गतीच्या नियमांबद्दल बोलायचं आहे. नियम तीनच. पहिले दोन मी झटपट उरकणार आहे, कारण तिसऱ्यासाठी माझ्याकडे एक गोष्ट आहे. खरं सांगायचं तर ती सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय मागून घेतला.

पहिला नियम. गोधडी दोरीवर टाकून तुम्ही काठीनं झोडपता. गोधडी हलते, धूळ जागीच राहू पाहते, म्हणून ती सुटते. थांबलेलं थांबून राहू पाहतं आणि चालतं असलेलं त्याच वेगानं, सरळ रेषेत चालत राहू पाहतं, बाहेरून कुणी बल लावेपर्यंत. यालाच जडत्व म्हणतात. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी लांब जाते, ती पावडर ढकलते म्हणून नव्हे, तर अडवणारं घर्षण कमी होतं म्हणून. आणि पावडर चिमूटभर पुरते बरं का. हल्लीची मुलं अर्धा डबा उपडा करतात आणि मग खेळ कमी, शिंका जास्त.

दुसरा नियम स्वयंपाकघरात आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो आणि रिकामी टाकी साधारण तेवढ्याच वजनाची. म्हणजे भरलेला सिलिंडर रिकाम्याच्या जवळजवळ दुप्पट. चाकांच्या स्टँडवर ठेवून दोन्ही सारख्याच जोरानं ढकला, भरलेल्याचं त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, निम्मंच मिळेल. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. झालं.

हे तिन्ही नियम आयझॅक न्यूटननं १६८७ साली ग्रंथात छापले, लॅटिनमध्ये. पण तो ग्रंथ छापायचा वायदा केलेल्या रॉयल सोसायटीकडे पैसेच उरले नव्हते! आदल्या वर्षी त्यांनी माशांवरचं एक जंगी सचित्र पुस्तक काढलं होतं आणि ते खपलं नव्हतं. शेवटी एडमंड हॅलीनं, तोच तो धूमकेतूवाला, पदरचा पैसा घालून न्यूटनचा ग्रंथ छापला. आणि सोसायटीनं हॅलीचा पगार कशात चुकता केला? माशांच्या पुस्तकाच्या न खपलेल्या प्रतींमध्ये. आम्हां कोकणातल्या माणसांना विचारलं असतं तर सांगितलं असतं की मासा चित्रात बघायची वस्तू नव्हे.

आता तिसरा नियम. क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध दिशेनं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि इथेच सगळे घसरतात. दोष वर्तमानपत्रांचा आहे असं माझं ठाम मत आहे. अर्थसंकल्प सोमवारी, त्यावरच्या प्रतिक्रिया मंगळवारी. त्यामुळे डोक्यात बसतं की आधी क्रिया आणि मग सावकाश प्रतिक्रिया. न्यूटनचं तसं नाही. त्याच्याकडे दोन्ही एकाच क्षणी. तर ऐका.

पंचेचाळीस वर्षं झाली असतील. मामेभावाचा साखरपुडा दाभोळला ठरला होता. आम्ही धोपाव्याच्या बाजूनं खाडी ओलांडून जाणार. आता तिथे मोटारींसकट माणसं नेणारी फेरीबोट आहे, तेव्हा लाँच होती. त्या दिवशी नेमकी ओहोटी. लाँच धक्क्याला लागेना, म्हणून माणसं छोट्या होडक्यातून तीन-तीन, चार-चार करून उतरवत होते. शेवटच्या खेपेला होडकंवाला, मी आणि थोरले मामा.

मामा म्हणजे नवरदेवाचे वडील. पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी, पायात करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा, आणि हातात साखरेचा पुडा, जरीचा कागद लावलेला. समोर धक्क्यावर व्याही हार घेऊन उभे. मध्ये पाणी तीन हात.

होडकंवाला दोर हातात घेऊन म्हणाला, "अवो, वायच थांबा, दोर बांधू द्या."

पण व्याही हार घेऊन उभे असताना थांबतील ते आमचे मामा कसले! "अरे, आमच्या परड्यातला गडगा रोज ओलांडतो मी," असं म्हणून त्यांनी एका हातानं धोतर सावरलं, दुसऱ्या हातात पुडा धरला आणि उडी घेतली.

मामा पुढे गेले आणि होडकं, मला आणि होडकंवाल्याला घेऊन, मागे गेलं. मी फळीवर मागच्या मागे बसलो. मामांच्या लक्षात हवेतच आलं असावं, कारण त्यांनी पुडा धक्क्याच्या दिशेनं भिरकावला. व्याह्यांनी हार टाकून तो झेलला. मामा धक्क्याच्या वीतभर अलीकडे कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, गुडघ्यापर्यंत गाळात. टोपी डोक्यावर, जशीच्या तशी. व्याही वाकून म्हणाले, "या, या, प्रवास ठीक झाला ना?"

आता हिशेब करू. मामा ८० किलो. होडकं आमच्या दोघांसकट २०० किलो धरा. मामांनी होडकं मागे ढकललं, त्याच क्षणी होडक्यानं मामांना पुढे ढकललं. पुन्हा सांगतो, त्याच क्षणी. आधी-नंतर नाही. दोन्ही बलं सारखी, पण एक होडक्यावर आणि एक मामांवर. म्हणूनच ती एकमेकांना खोडत नाहीत. बलं सारखी आणि वस्तुमानं वेगळी, म्हणून मामा पाच भाग पुढे, होडकं दोन भाग मागे. गडग्यावरून सात विती जाणारी उडी होडक्यावरून पाचच विती गेली. तीन हात म्हणजे सहा विती. मोजा, एक वीत कमी पडली.

मग परड्यात काय होत होतं? तिथेही मामा जमिनीला मागे ढकलतच होते. पण ती सगळी पृथ्वी, ती काय हलणार! जमिनीला बांधलेल्या दोराचं कामही तेच. दोर बांधला की एकटं होडकं मागे जाऊच शकत नाही.

रॉकेट हेच करतं. १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात लिहिलं होतं की निर्वात पोकळीत ढकलायला काही नसतं, तेव्हा रॉकेट तिथे चालणार नाही. पण रॉकेट हवेला ढकलत नाही, स्वतःच्याच जळक्या वायूला मागे ढकलतं. वायू हेच त्याचं होडकं. अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, जुलै १९६९ मध्ये, त्या वर्तमानपत्रानं दुरुस्ती छापली. एकोणपन्नास वर्षांनी! वर्तमानपत्रातल्या प्रतिक्रियेला किती वेळ लागतो, ते मी मघाशी म्हणालोच.

मामांनी मात्र चूक कधी कबूल केली नाही. म्हणायचे, "पुडा पुढे फेकला म्हणून मी मागे राहिलो, नाहीतर पोचलोच होतो." तत्त्व बरोबर आहे हो! मी पुढे गणित शिकल्यावर करूनही पाहिलं. पाव किलोचा पुडा कितीही जोरानं फेकला तरी मामा एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरपेक्षा मागे राहत नाहीत. हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांची एक वहाण उडी घेताना पायातून निसटून होडक्यातच राहिली होती. होडकंवाला लग्नाला जेवायला आला, तेव्हा ती कागदात गुंडाळून घेऊन आला.