तंबाखूच्या वखारीत स्टुडिओ

निपाणी. बिडीच्या तंबाखूनं नावारूपाला आलेलं गाव. त्या तंबाखूसाठी बांधलेल्या जुन्या वखारी आता एकेक करून रिकाम्या पडतायत. जाड दगडी भिंती, उंच कौलारू छप्पर, आत ऐसपैस मोकळी जागा. शूटिंगच्या फ्लोअरला आणखी काय लागतं? शिवाय 1929 साली जिथं प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली ते कोल्हापूर इथून जेमतेम 40 किलोमीटर. लाइटवाले, सेटवाले, रंगभूषाकार सकाळी निघून कामाला पोचतात.

पहिलं काम साफसफाईचं, पण झाडू लावायचा नाही. हे वासे बघा. रिपांच्या सांध्यांत तंबाखूची तपकिरी भुकटी घट्ट बसलीय. झाडली की हवेत उठते, ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळही अडवणारा व्हॅक्युम घ्यायचा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच, कारण निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं. गिलाव्यात वास मुरला असेल तर गिलावा खरवडून काढावा. नुसता रंग मारला, तर पावसाळ्यात हवा दमट झाली की वास पुन्हा सुटतो.

नवा गिलावा चुन्याचाच. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, थर 10 ते 12 मिलिमीटरचा, आणि आठवडाभर ओला ठेवायचा. सिमेंट लवकर उरकतं म्हणून गवंडी त्याचाच आग्रह धरतात, ऐकू नये. दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते. सिमेंटनं तिची बाहेर पडायची वाट बुजते, ओल आणखी वर चढते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. वरचे झरोकेही विटांनी बुजवू नयेत. अंधार हवा तर काळी झडप लावावी.

आता आवाज. खरी परीक्षा इथंच. 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 6 मीटर उंच वखार धरा. वर जिप्समची सपाट छत केली आणि भिंती उघड्या ठेवल्या, तर टाळीचा आवाज विरायला पाचेक सेकंद लागतात. संवाद नीट ध्वनिमुद्रित व्हायला हा वेळ 0.6 सेकंदाच्या आसपास यायला हवा. त्यासाठी 50 मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), कापडात बांधून, 300 ते 350 चौरस मीटर लागतं. हे पॅनल भिंतीला चिकटवू नयेत, 50 मिलिमीटर पोकळी सोडावी. भिंतीला वारा मिळतो, आणि खालच्या पट्टीतला घुमारही जास्त शोषला जातो.

कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा मात्र पॅनल काही करू शकत नाहीत. त्याला छतच हवी: जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता, वर रॉकवूल. ही छत जुन्या कैचीला, म्हणजे छपराच्या तिकोनी सांगाड्याला, टांगायची नाही. लाकडाच्या कैच्या कौलांचं ओझं पेलायला केलेल्या आहेत, जादा भाराला नव्हे. स्वतंत्र लोखंडी खांब उभारा. लाइटची 48 मिलिमीटरची पाइप-जाळीही त्याच खांबांवर, आणि प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी सुरक्षा-साखळी.

डबिंगची खोली म्हणजे वखारीच्या पोटातली दुसरी खोली, तिच्या भिंती जुन्या भिंतींना कुठंही टेकलेल्या नसाव्यात. वायरिंगची भोकं आणि दाराखालची फट आधी बघा. भिंतीच्या एक टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही भक्कम असो, आवाज सुमारे 20 डेसिबलच अडतो. मग महामार्गावरचा ट्रक सरळ ट्रॅकमध्ये येऊन बसतो.

वीज हेस्कॉमकडून, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडून, थ्री फेज घ्यावी. लाइट एका सर्किटवर, ध्वनियंत्रणा दुसऱ्यावर, आणि ध्वनीच्या सगळ्या यंत्रांचं अर्थिंग एकाच बिंदूला. नाहीतर स्पीकरमधून सतत गुणगुण येते आणि ती शोधण्यात दिवस जातात. एसीचं बाहेरचं यंत्र वेगळ्या चौथऱ्यावर बसवा, डक्ट रुंद ठेवा. हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आत राहिला, तरच माइकला ती ऐकू येत नाही.

सगळी पॅनल बसवायच्या आधी भर पावसात एक मिनिट ध्वनिमुद्रण करून ऐका. कुठलं कौल गळतंय आणि कुठली फट राहिलीय, दोन्ही तेव्हाच कळतं.