जांभळा ठसा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीची चवथ झाली, महिनाभराचं शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण संपलं आणि गेल्या रविवारी मटणाच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. त्या रांगेत मीही उभा होतो. अर्धा किलो द्या, एखादी नळी घाला, चरबी काढून टाका, असं जो तो सांगत होता. "यावर ठसा कुठे आहे?" हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. आज मला त्या ठशाबद्दल बोलायचं आहे.

मी पशुवैद्य. सरकारी नोकरीतली बरीच वर्षं कापायला आणलेली जनावरं तपासण्यात गेली. जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर अशी दोनदा तपासणी होते. दोन्हींत ते निर्दोष ठरलं की मांडीवर आणि खांद्यावर खाद्य शाईचा जांभळा ठसा उठतो. कुणीतरी शिकलेल्या माणसाने हे जनावर जिवंत असताना पाहिलं आणि मेल्यावर त्याचं काळीज, म्हणजे यकृत, चिरून पाहिलं, इतकं सगळं त्या ठशात असतं.

गोव्यात या विषयावर चर्चा भरपूर होते, पण ती कोणतं जनावर कापायचं यावरच अडते. त्याबाबतचे कायदे आहेत. १९७८ च्या कायद्याने गाय कापायला बंदी घातली. १९९५ च्या कायद्याने बैल, रेडा, म्हैस ही जनावरंही प्रमाणपत्राशिवाय कापता येत नाहीत. उसगावला सरकारचं गोवा मीट कॉम्प्लेक्स आहे, ही कंपनी १९७१ सालची. पण जनावर कसं आणलं, कसं ठेवलं, कुणी तपासलं, हे प्रश्न बकऱ्यालाही लागू आहेत आणि डुकरालाही. त्यांच्याबद्दल ग्रामसभेत कुणी उठून बोलत नाही.

कत्तलखान्यांसाठी केंद्र सरकारचे २००१ चे नियम आहेत. एका डॉक्टरने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, असं त्यात लिहिलं आहे. तासाला बारा म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं. ऐकायला कमी वाटतात, पण मन लावून पाहिलं तर पाच मिनिटांत पुष्कळ दिसतं. आधी त्याला चार पावलं चालवायचं. लंगडतंय का, मान खाली टाकलीय का? मग नाकपुडी पाहायची. निरोगी गुराची नाकपुडी दंव पडल्यासारखी ओली असते, कोरडी दिसली की ताप मोजायचा. तोंडात फोड आहेत का, श्वास धापेचा आहे का, मादी असेल तर गाभण आहे का? गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी कापायची नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लूही कापायचं नाही. हे सगळं नियमांत आहे. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, हेही आहे. तपासलेल्या जनावराला गोठ्यात चोवीस तास विसावा द्यायचा, हेही आहे.

हा विसावा लोकांना थट्टेचा वाटतो. "डॉक्टरबाब, उद्या कापायचंच आहे त्याला, आज कशाला निजवता?" असं मला एका खाटकाने विचारलं होतं. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जिवंत जनावराच्या स्नायूंत एक प्रकारची साखर साठलेली असते. जनावर मेलं की तिचं आम्ल होतं आणि ते आम्ल मांस टिकवतं. रात्रभर ट्रकात उभं राहिलेल्या, भ्यालेल्या, पाण्याविना आलेल्या जनावराची साखर वाटेतच जळून जाते. मग मांसात आम्ल तयार होत नाही. ते काळपट दिसतं, हाताला चिकट लागतं आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात. खाटकाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे ते काळं मटण त्यामुळे?" इतकी वर्षं ते त्याच्या हातात येत होतं, कारण कळलं नव्हतं. जनावराचे हाल आणि आपल्या ताटातला धोका या दोन गोष्टी मी वेगळ्या मानू शकत नाही, ते यामुळे.

आणि हाल मी पाहिले आहेत. एका जूनमध्ये, भर पावसात, घाट उतरून आलेला एक ट्रक तपासायला मला रात्री बोलावलं. साध्या मालट्रकात सहापेक्षा जास्त गुरं घालता येत नाहीत. ताडपत्री उचलली तर आत अकरा बैल. शिंगं एकमेकांना दोरीने बांधलेली. मधला एक खाली बसलेला, आणि जागा नसल्यामुळे बाकीचे त्याच्या अंगावर उभे. त्याची शेपटी तीन ठिकाणी मोडली होती. उठत नाही म्हणून पिरगाळली असणार. टॉर्चच्या उजेडात त्याने डोळा माझ्याकडे फिरवला. तो डोळा मी विसरलेलो नाही.

डुकरांचं दुखणं निराळं आहे. जुन्या घरांमागे डुकरांचे संडास असायचे, माणसाची विष्ठा खाली डुकरं खायची, ते माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असतील. माणसाच्या पोटातल्या पट्टकृमी या जंताची अंडी विष्ठेतून डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात साबुदाण्याएवढे पांढरे फोड धरतात. असं मांस कच्चट खाल्लं की माणसाच्या आतड्यात पुन्हा जंत वाढतो. ज्याच्या पोटात तो जंत आहे, त्याच्या न धुतलेल्या हातांतून अंडी दुसऱ्याच्या अन्नात गेली तर फोड मेंदूतही होतात आणि फिट्स येऊ लागतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा आपण कौतुकाने घेतो. त्यासाठी डुक्कर कुठे कापलं आणि जीभ व हृदय कुणी चिरून पाहिलं का, हे विचारण्यात कमीपणा कसला?

आता माझे शिवराक श्रोते म्हणतील, आम्हाला काय त्याचं? तुमच्यासाठीच पुढचं सांगतो. बकऱ्या-गुरांच्या काळजात, फुप्फुसात कधी पाण्याने भरलेल्या गाठी सापडतात. आम्ही त्यांना हायडेटिड म्हणतो. देखरेखीखाली कापलेल्या जनावराचं असं काळीज बाजूला काढून नष्ट केलं जातं. आडरानात कापलेल्याचं ओढ्याकाठी फेकलं जातं. ते कुत्रं खातं. कुत्र्याच्या पोटात जंत होतो, त्याची अंडी विष्ठेवाटे मातीत, मातीतून तांबड्या भाजीच्या वाफ्यात. पुढे कधीतरी माणसाच्या काळजात गाठ सापडते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. त्या माणसाने जन्मात मटण खाल्लेलं नसलं तरीही.

एक गोष्ट आज सांगूनच टाकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका संध्याकाळी एका ठिकाणी चाळीस जनावरं माझ्यासमोर उभी केली आणि वरून फोन आला, "तासाभरात उरक." मी उरकलं. सह्या केल्या. नाकपुड्या पाहिल्या नाहीत, ताप मोजला नाही. त्या चाळिसांत काही वाईट होतं की नव्हतं, ते मला कधीच कळणार नाही. पुढे मी तसं केलं नाही. बदली झाली, ती सोसली. पण एका डॉक्टरवर तीन-तीन कामं टाकली की असल्या सह्या होतच राहणार, म्हणून मागणी करायची ती माणसांची. तपासणीला पुरेसे डॉक्टर हवेत, तालुक्याच्या आवाक्यात बकऱ्या-डुकरांसाठी स्वच्छ कत्तलखाना हवा आणि टाकाऊ भाग नष्ट करायची सोय हवी. २०२१ च्या सुरुवातीला कर्नाटकचा गुरांच्या कत्तलीविरुद्धचा नवा कायदा लागू झाला, बेळगावकडून येणारा माल अडला आणि गोव्यात बीफची टंचाई झाली. तेव्हा सगळे पुरवठ्याबद्दल बोलले. तपासणीबद्दल बोलायची वेळ आता तरी आली आहे.

घरात पाळायचं थोडकंच आहे. कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. कच्चं मांस फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकून. शिजवताना हाडाजवळचा लालपणा गेलाच पाहिजे.

रविवारच्या त्या रांगेत माझी पाळी आली, तेव्हा मी ठसा विचारला. खाटीक माझ्याकडे बघतच राहिला. मागे एक बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "दाखव रे, मलाही बघायचाय." त्याने आकड्यावरची मांडी उलटी फिरवली. जांभळा, अर्धवट उठलेला, पण ठसा होता. बाई चष्मा लावून तो वाचू लागल्या.

नमस्कार.