वरून झाका, बाजूनं उघडं ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

आज सकाळी निघाले तेव्हा अंगणात तुळशीच्या कट्ट्याला पाणी टेकलं होतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीत बसून सोयाबीनचा एकेक दाणा दाताखाली धरून बघत होत्या. मला म्हणाल्या, "रेडिओत काय सांगायलीस? पाऊस पडलाय म्हणून? ते लोकांना दिसतंय की."

बरोबर आहे त्यांचं. म्हणून पाऊस किती पडला ते मी सांगणार नाही. एवढ्या पावसातूनही जे हाताशी आलंय ते कसं राखायचं, तेवढंच बोलू. सगळ्यात आधी एक वाक्य सांगते, ते आज दोन-तीनदा तरी ऐकवणार आहे. वरून झाका, बाजूनं उघडं ठेवा. सोयाबीनची बनीम, म्हणजे काढून रचलेला ढीग असो, कडब्याची गंज असो, नाहीतर पोत्यांची थप्पी असो, वरून झाका, बाजूनं उघडं ठेवा.

हस्त नक्षत्र सरत आलं, आता चित्रा लागतील. हस्ताला आपण हत्ती म्हणतो आणि पडला हत्ती तर पडतील भिंती, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ. म्हणजे पाठ होतं. माझ्या लहानपणी हादग्याला पाटावर हत्ती काढून फेर धरायचो, तेव्हा नक्षत्र न शिकवता कळायचं. आता मुलांना फोनवरचा ढग कळतो. त्या ढगाखाली साठ टक्के लिहिलेलं असतं. साठ टक्के म्हणजे आमच्या शेतात पडणार की शेजारच्या, ते कुणीच सांगत नाही. असो.

पूर्वी परतीचा पाऊस राजस्थानातून १ सप्टेंबरला निघतो असं धरत. हवामान खात्यानं २०२० साली ती तारीख पुढं ढकलून १७ सप्टेंबर केली. म्हणजे पाऊस उशिरा जातो हे सरकारी कागदावरही आलं. आपण मात्र शंभर दिवसांचं वाण पेरतो आणि दसऱ्याला काढायला जातो. नेमका तेव्हाच तो परतीच्या वाटेवर आपल्या दारात असतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरा नद्यांच्या पुरानं काय केलं ते तुम्ही पाहिलंय, कित्येकांची तर मातीच वाहून गेली. त्यापुढं ताडपत्रीचं बोलणं लहान वाटेल. पण ज्याचं थोडं तरी उरलंय त्याला ताडपत्रीच लागते.

तर आता २०१९ ची गोष्ट. ही मी आधीही सांगितली असेल. तरी ऐका.

त्या वर्षी आमच्या लातूरला सप्टेंबरात गणपती बुडवायला पाणी नव्हतं. शहरात मूर्ती दान करा म्हणून आवाहन झालं होतं. पेरण्या लांबल्या होत्या, सोयाबीन कसंबसं उभं होतं. राजस्थानातून पाऊस निघाला तोच ९ ऑक्टोबरला, इतका उशीर त्याआधी कधी नोंदलेला नव्हता. त्यात अरबी समुद्रात क्यार नावाचं वादळ उठलं आणि ते सरतंय तोवर मागनं महा आलं. ज्या पावसासाठी आम्ही जून-जुलैत आभाळाकडं बघत होतो तो दिवाळीत आला, काढून टाकलेल्या सोयाबीनवर.

आणि त्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक. २१ तारखेला मतदान, २४ ला निकाल.

आमचं चार एकर सोयाबीन काढून शेतात पडलेलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ असं काळं की कोंबड्या खुराड्यातनं बाहेर येईनात. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गडी लावून दुपारपर्यंत सगळं गोळा करून बनीम घातली. ताडपत्री होती एक, तिला उंदरानं खिडक्या पाडलेल्या. दीर गाडी घेऊन बाजारात गेला तर दुकानात दोनच शिल्लक, आणि भाव असा सांगितला की त्यात सोयाबीनचं एक पोतं गेलं असतं. तो तसाच माघारी फिरला. फाट्यावर येतो तर काय, उमेदवारांचे फ्लेक्स. निकाल लागलेला, आता त्यांना कोण विचारतो? वीस फूट लांब, दहा फूट रुंद. त्यानं तीन सोडवले, गुंडाळून मागं बांधले आणि घरी आणले.

फ्लेक्सवर माझा फार राग आहे. वाढदिवसाला फ्लेक्स, निधनाला फ्लेक्स, बारशाला फ्लेक्स. आमच्या फाट्यावरचं वडाचं झाड चार महिने दिसतच नाही. पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

दोन फ्लेक्स होते पडलेल्या उमेदवाराचे आणि एक निवडून आलेल्याचा. आमचे मामा पडलेल्याच्या बाजूचे, आणि नुसते बाजूचे नव्हे, महिनाभर उन्हातानात हिंडलेले. सगळ्यात मोठा आणि धडका फ्लेक्स नेमका निवडून आलेल्याचा निघाला. मामा म्हणाले, "त्याचं तोंड माझ्या सोयाबीनवर नको." दीर म्हणाला, "मग उलटा घालू, तोंड आत." मामा म्हणाले, "म्हंजे ते रात्रंदिवस माझं सोयाबीन बघत बसणार?" वरनं थेंब पडायलेत, आणि हे दोघं बनिमीवर उभं राहून वाद घालायलेत. शेवटी पडलेले दोन्ही बाजूंनी गुंडाळले आणि निवडून आलेला वर चढवला, तोंड आभाळाकडं. दोन्ही हात जोडलेले. लांबून असं वाटायचं की साहेब झोपल्याजागी पावसाला हात जोडून थांब म्हणतायत. वारं होतं म्हणून त्यांच्या छातीवर दोन दगड ठेवले, पायाशी दोन. खालचा काठ मातीत दाबून चौफेर बंद केला. मुंगी जायला जागा ठेवली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्या पक्षाचा एक कार्यकर्ता रस्त्यानं चालला होता. थांबला, आत आला आणि तावातावानं म्हणाला, "आमच्या साहेबांच्या छातीवर दगड ठेवता?" मामा ओसरीतनं उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "निवडून आलेत. आता सोसावं लागंल." पोरगं हसलं, फराळ करून गेलं. जाताना सरकलेला एक दगड त्यानंच नीट केला.

आम्ही खूश. पाऊस पडतोय, बनीम कोरडी. गावात ज्यांचं झाकायचं राहिलं होतं ते येऊन बघून जायचे. मामा त्यांना फ्लेक्सचा कपडा दाखवायचे, बोटानं टिचकी मारून, जसं काही त्यांनीच छापला होता.

भाऊबीजेला आत्याबाई माहेरून आल्या. पायावर पाणी घेतलं, चहासुद्धा घेतला नाही आणि थेट बनिमीकडं गेल्या. काठ उचलला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. म्हणाल्या, "ह्याच्या पोटात चूल पेटलीय."

मीही हात घालून बघितला. अंगात ताप असलेल्या लेकराच्या पाठीसारखं गरम. फ्लेक्सच्या आतल्या बाजूला घामाचे थेंब लोंबत होते. वास आंबलेल्या पिठाचा. मूठभर शेंगा ओढून काढल्या तर शेंगेच्या शिवणीतनं पांढरे कोंब बाहेर आलेले, जसे मटकीला येतात तसे. बाहेरनं थेंब लागला नव्हता आणि आतनं सगळं भिजलं होतं.

आत्याबाईंनी भुरभुर पावसात फ्लेक्स ओढून काढला. मामा ओरडले, "अगं भिजंल!" त्या म्हणाल्या, "भिजलेलं वाळतंय. शिजलेलं काय करायचं?"

मग बैल आणि म्हैस लिंबाखाली बांधली आणि गोठा झाडून घेतला. ओसरी, गोठा, देवघराच्या बाहेरची खोली, जिथं छप्पर होतं तिथं टीचभर थर पसरला. दिवसातनं चारदा पायानं खालीवर करायचं. दिवाळीच्या पाहुण्यांना बसायला जागा नव्हती, उभ्यानं चहा घेऊन गेले. तिसरा हिस्सा माल जरा बरा निघाला. बाकीचा काळा पडला, त्याला व्यापाऱ्यानं नाक मुरडून जो भाव दिला तो घेतला.

आता यात चूक कुठं झाली? झाकलं ही चूक नव्हती. चारी बाजूंनी दाबून बंद केलं, ही चूक. काढलेला दाणा मेलेला नसतो. ओला असतो तोवर तो श्वास घेतो, श्वासानं ऊब येते, उबेनं आतलं पाणी वाफ होऊन वर चढतं आणि प्लास्टिकला लागून पुन्हा खाली गळतं. म्हणून म्हणते, वरून झाका, बाजूनं उघडं ठेवा. खाली दगड-लाकडं टाकून बूड उचला, मधे उंच ठेवून बाजूंना उतार द्या म्हणजे पाणी निथळेल, आणि उघडीप दिसली की तासभर का होईना कापड काढा. रोज एकदा आत हात घाला. हात सांगतो.

आत्याबाईंची अजून एक गोष्ट तेव्हा आम्हाला कळली नव्हती. विहिरीजवळच्या उंचवट्यावरचं थोडं सोयाबीन आधी तयार झालं होतं, ते त्यांनी दसऱ्याच्या सुमाराला काढून काठीनं बडवून ठेवलं होतं. मळणी यंत्रात घातलं नाही, कारण सोयाबीनची साल पातळ, मार बसला की डोळा, म्हणजे कोंब येतो ती जागा, फुटतो. देवघराच्या खोलीत जुन्या सतरंजीवर पंख्याखाली आठवडाभर वाळवलं. मामा म्हणायचे, घरात खळं मांडलंय हिनं.

पुढच्या वर्षी, २०२० च्या जूनमध्ये, काय झालं ते आठवतंय ना? मराठवाडाभर बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारी. ओल्या दिवाळीत भिजलेलं सोयाबीन, त्याचंच पुढं बियाणं झालं, उगवणार कसं? आमच्या गल्लीत लोक दुसऱ्यांदा पेरत होते. आत्याबाईंनी गोणपाटाचा तुकडा भिजवला, शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळून सावलीत ठेवला, पाणी शिंपडत राहिल्या. आठ दिवसांनी उघडला तर अठ्ठ्याहत्तर कोंब. सत्तरच्या वर असले की चालतं. मामा दोनदा मोजून आले.

तर घरचं बियाणं ठेवणार असाल तर ते आत्ताच निवडा. उंचावरचं निवडा, काठीनं बडवा, सावलीत वाळवा, पोती उंचावरून आपटू नका आणि एकावर एक चार-पाचपेक्षा जास्त रचू नका. वाळलं की नाही हे बघायला यंत्र नसलं तर दात आहेत. दाणा दाताखाली कट् करून फुटला तर वाळला. नुसता दात रुतला तर अजून ओला आहे, रास करू नका.

आता पेरणीचं थोडक्यात. ज्वारीची वेळ निघून चालली म्हणून जीव तुटतो, मला कळतं. पण वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, आल्याशिवाय औत घालू नका. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा. तसाच पचकन बसला तर घरी जा, चहा घ्या. चिखलात पेरलेला हरभरा उगवतो आणि मग मर रोगानं जातो. ज्वारी हुकलीच तर हरभरा, करडई आहे. माझं मत विचाराल तर करडई आपण उगाच सोडली. काटे टोचतात म्हणून सोडली आणि आता तेल विकत घेतो.

पाणी साचलंय तिथं आज चर काढा. उतार बघून काढा, आणि चर शेजाऱ्याच्या शेतात सोडण्याआधी त्याला विचारा. बांधावरची भांडणं पाऊस ओसरल्यावरही टिकतात. बांध कोरणारे ऐकत असतील तर त्यांनाही नमस्कार.

परसातलं सांगते. दोडका, कारली यांच्या मांडवाखाली पाणी थांबू देऊ नका, बुडाशी भर घाला. पिवळी पानं खुडून लांब टाका. मेथी-कोथिंबीर गादीवाफ्यावरच टाका, सपाट वाफ्यात आता सडेल. हळद-आल्याचा कंद बोटानं दाबून बघा, मऊ लागला तर तेवढा उपटून काढा. आणि शंखी गोगलगायी. २०२२ साली आपल्याकडं त्यांनी कोवळं सोयाबीन खाल्लं ते विसरू नका. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाकडेला टाका, पहाटे पोत्याखाली गोळा झालेल्या उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घालून, बरं का.

जनावरांना बुरशी आलेला कडबा घालू नका. काळा पडलेला असेल तर झटकून, उन्हात टाकून बघा, वास गेला नाही तर खड्ड्यात टाका. खत तरी होईल.

शहरातल्या रेडिओवर पाऊस आला की कांदाभजी सुरू होतात. आमच्या गोठ्यात पाऊस आला की आत्याबाई वर बघतात. कारण तो फ्लेक्स अजून आहे. आता तो गोठ्याच्या पत्र्याखाली आडवा बांधलाय, गळतं तिथं. नाव उडालं, चिन्ह उडालं, चेहरा पांढरा पडला. जोडलेले हात तेवढे स्वच्छ दिसतात. आत्याबाई रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्याखाली बसून म्हैस पिळतात.

त्यांचा आणि माझा तुम्हाला नमस्कार.